शेळीवालीचा तास

शेळीवालीला शाळेतून बोलावणं आलं तेव्हा तिला आधी वाटलं, शेळ्यांनी शाळेची बाग खाल्ली. एकोणीस शेळ्या म्हणजे एकोणीस तोंडं, आणि कुणाचं काय खाऊ नये हे त्यातल्या एकीलाही कळत नाही. भांडायची तयारी करूनच ती फाटकातून आत शिरली. मोठ्या बाईंनी तिला बसायला खुर्ची दिली. खुर्ची दिली म्हटल्यावर ती जास्तच सावध झाली.

"मुलांना डोंगरावर न्यायचंय," मोठ्या बाई म्हणाल्या. "आठवड्यातून दोन दिवस. हे नवे मास्तर बरोबर असतील. तुम्ही फक्त दाखवायचं. कुठलं गवत, कुठलं झाड, कुठली वाट, कुठल्या जनावराचा माग."

"मी? मला अक्षर वाचता येत नाही, बाई."

"डोंगर येतो ना?"

नवा मास्तर शेजारी उभा होता. पोरसवदा, पायात बूट, खांद्याला पिशवी. उगीचच हसत होता. विनाकारण हसणाऱ्या माणसाला काहीतरी हवं असतं, असं शेळीवालीचं पक्कं मत होतं.

"मुलं सगळं वहीत लिहून घेतील, मावशी," तो म्हणाला. "आणि शेवटी डोंगराचा नकाशा काढतील."

वही म्हटल्याबरोबर तिनं खुर्ची मागे सरकवली.

दोन वर्षांपूर्वी असेच तिघे आले होते. त्यांच्याही हातात वह्या होत्या. खालच्या कुरणात कोणतं गवत, कधी उगवतं, किती शेळ्या जगतात, हे सगळं त्यांनी विचारलं आणि हिनं भाबडेपणानं सांगितलं. दूध तापवून दिलं. जाताना एकानं तिच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. सहा महिन्यांत खालच्या कुरणाला तारेचं कुंपण पडलं. फाटकाला कुलूप लागलं आणि कुलपापाशी खुर्ची टाकून एक माणूस बसला. त्याला सगळे तारवाला म्हणत. तेव्हापासून शेळ्या वरच्या खडकाळ उतारावर काटक्या चघळत जगत होत्या, आणि वही घेऊन येणाऱ्या माणसाला शेळीवाली दारातूनच परत पाठवत होती.

पण यंदा उन्हानं कहर केला होता. उतारावर हिरवं म्हणून काही उरलं नव्हतं. आणि मोठ्या बाई सांगत होत्या, की शाळेच्या आवारातलं गवत, मागच्या नळाच्या ओलीवर वाढलेलं, गुडघाभर, सगळं तिनंच कापून न्यावं. शेळीवालीनं खिडकीतून त्या गवताकडे पाहिलं. मग मास्तरच्या बुटांकडे पाहिलं.

"येते," ती म्हणाली.

घरी म्हातारा खाटेवर पाय लांब करून बसला होता. त्याचा उजवा गुडघा तीन वर्षांपूर्वी दगडाखाली सापडला, तेव्हापासून डोंगर चढणं तिच्याकडे आणि शेरे मारणं त्याच्याकडे, अशी घरात वाटणी झाली होती.

"मास्तरीणबाई झालीस की!" तो म्हणाला. "छडी करून देऊ का?"

"थट्टा सुचतेय तुम्हाला. वहीत लिहिणार आहेत सगळं. नकाशा काढणार आहेत."

म्हाताऱ्याचं हसू मावळलं. सून धार काढत होती, तिचाही हात थांबला.

"झरा?" सुनेनं विचारलं.

"झऱ्याचं नाव काढायचं नाही. या घरात सुद्धा काढायचं नाही."

झरा म्हणजे तसा काही मोठा नव्हता. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला काळ्या कड्याखाली एक फट होती. तिच्यातून पाणी ठिबकायचं आणि खाली घमेल्याएवढ्या खळग्यात साठायचं. रात्रभरात खळगा भरे, ओसंडून खालच्या दगडी डोणीत उतरे. एकोणीस शेळ्यांना पुरे, विसावीला नाही. तो म्हाताऱ्याच्या आईला सापडला होता आणि तिच्यानंतर या घराबाहेर कुणाला माहीत नव्हता. यंदा विहिरीवर माणसांच्याच रांगा होत्या, तिथे शेळ्यांना कोण विचारतो! झरा गेला तर पावसाळ्यापर्यंत एकही शेळी जगणार नव्हती, हे सांगायला कुठली वही लागत नव्हती.

"मग काय शिकवणार?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"शिकवीन. ज्यानं नुकसान होणार नाही तेवढं शिकवीन. बाकीचं आहे माझ्याकडे."

पहिल्या मंगळवारी चौदा मुलं आली. बारा-तेरा वर्षांची, डोक्याला टोप्या, गळ्यात दोरीनं बांधलेल्या पेन्सिली. शेळ्या मुलांना बघून बिथरल्या आणि मुलं शेळ्यांना बघून. एक गोलमटोल पोरगा होता, त्याला सगळे बटाटा म्हणत, आणि तोही त्या नावाला ओ देत असे. एक चष्मेवाली होती. तिच्या चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती. ती बोलायची कमी आणि विचारायची फार.

शेळीवालीनं लेंड्या दाखवून कोणती शेळी आजारी ते सांगितलं. दगड उलटा करून ओल बघायला शिकवलं. काटेरी झुडपात अडकलेला शेळीचा पाय, तिला पोटाशी धरून, कसा काढायचा ते दाखवलं. हे सगळं खरं होतं. मुलं खाली मान घालून भराभर लिहीत होती, आणि त्या पेन्सिलींची करकर ऐकून तिला आपल्या अंगावरून मुंग्या चालल्यासारखं वाटत होतं.

"ही डावीकडची घळ कुठे जाते, आजी?" चष्मेवालीनं विचारलं.

ती घळ सरळ काळ्या कड्यापाशी जात होती. सावलीची वाट होती, सोपी.

"तिकडे जायचं नाही. मधमाश्यांची मोहोळं आहेत. मोठ्या माश्या. गेल्या साली एक बैल मेला."

चष्मेवालीनं लिहून घेतलं. शेळीवालीनं तिरक्या डोळ्यानं पाहिलं. आपण बोललेलं खोटं कागदावर कसं दिसतं ते तिला कळत नव्हतं. खऱ्यासारखंच दिसत असावं.

मास्तर मधूनमधून फोनवर फोटो काढत होता. गवताचे, शेळ्यांचे, डोंगराचे. डोंगराचा फोटो कशाला हवा याला? शेळ्यांचा ठीक आहे. डोंगर काय पळून चाललाय?

तिसऱ्या आठवड्यात व्हायचं ते झालंच. बटाटा लघवीला म्हणून लांब गेला आणि लांबूनच ओरडत आला, "पाणी! मास्तर, कड्याखाली पाणी आहे!"

शेळीवालीच्या तोंडचं पाणी पळालं. सगळी पोरं पळत सुटली. ती त्यांच्या मागून काठी टेकत पोचेपर्यंत सगळी खळग्याभोवती वाकली होती आणि बटाट्यानं हाताची ओंजळ केली होती.

"हात काढ!" ती एवढ्या जोरानं ओरडली की पोरगा दचकून मागे पडला. "वाईट पाणी आहे ते! माझ्या दोन शेळ्या गेल्या ह्या पाण्यानं."

मास्तर वाकून बघत होता. "पण स्वच्छ दिसतंय, मावशी."

"दिसायला काय! कड्यातून काय उतरतं कुणाला ठाऊक? थांबा. शेळीला विचारू. शेळी ज्याला तोंड लावत नाही, ते माणसानं पिऊ नये."

म्हातारी शेळी आणायला म्हणून ती मागे वळली. झुडपाआड वाकून तिनं मूठभर लेंड्या उचलल्या. शेळीला कानाला धरून आणलं, मुलांना चार पावलं मागे सारलं आणि सगळ्यांकडे पाठ करून, शेळीला पुढे ढकलता ढकलता, मूठ खळग्यात सोडली. लेंड्या पडलेल्या पाण्याला शेळी मेली तरी तोंड लावत नाही. हे शेळ्या पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं आणि बाकी कुणालाच ठाऊक नसतं. म्हाताऱ्या शेळीनं पाणी हुंगलं, नाक फेंदारलं, मान फिरवली आणि तुरुतुरु निघून गेली.

"बघितलं?" शेळीवाली म्हणाली.

मुलांनी बघितलं. चष्मेवालीनं आपल्या नकाशावर कड्याखाली एक मोठी फुली मारली आणि शेजारी लिहिलं. काय लिहिलं ते तिनं मोठ्यानं वाचलंही. "वाईट पाणी. पिऊ नये. शेळीनं दाखवलं."

त्या दिवसापासून शेळीवालीचं काम दुप्पट झालं. मुलं यायच्या दिवशी ती पहाटेच शेळ्यांना पाणी पाजून खळग्यात लेंड्या टाकून ठेवायची, न जाणो कुणी पुन्हा तपासलं तर. मुलं गेली की परत चढून खळगा उपसायचा, वाळूनं घासायचा आणि ठिबकत ठिबकत भरायची वाट बघायची. तिची कंबर धरली. शेळ्या आठवड्यातले दोन दिवस अर्ध्या तहानेवर राहू लागल्या. दूध कमी झालं.

"आई, मुलांना सांगून टाका ना," सून म्हणाली. "पोरं आहेत ती."

"पोरांची भीती नाही गं. पोरांच्या वहीची आहे. वही घरी जाते, घरी बाप असतो."

आणि तिचा संशय काही हवेतला नव्हता. तिनं स्वतःच्या डोळ्यांनी मास्तरला चहाच्या टपरीवर तारवाल्याबरोबर बघितलं. दोघं बाकड्यावर मांडीला मांडी लावून बसले होते. मास्तर हातवारे करून डोंगराकडे दाखवत होता. तारवाला मान हलवत होता. ती टपरीपुढून दोनदा गेली. मास्तरनं दोन्ही वेळा हात वर करून नमस्कार केला, लाजही वाटली नाही त्याला.

"कुठेतरी पाणी मुरतंय," ती म्हाताऱ्याला म्हणाली.

"आपल्याच खळग्यात मुरतंय," म्हातारा म्हणाला. तिनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं खाटेवर कूस बदलली.

शेवटच्या गुरुवारी मुलांची परीक्षा होती. खोलीत बसून नव्हे, डोंगरावर. मुलांचे तीन गट. प्रत्येकानं आपला नकाशा घेऊन शाळेपासून माथ्यावरच्या मोठ्या खडकापर्यंत यायचं. मास्तर पायथ्यापासून मागोमाग, शेळीवाली माथ्यावर. पायवाटेनं यायला मुलांना तास लागावा, असा मास्तरचा हिशेब होता.

शेळीवाली शेळ्या घेऊन खडकापाशी बसली. ऊन असं होतं की दगडावर हात टेकवत नव्हता. पहिला गट तासात आला, लालबुंद आणि खूश. दुसरा गट मास्तरसकट आला. तिसरा आला नाही. तिसऱ्यात चष्मेवाली, बटाटा आणि एक न बोलणारी लहानखुरी पोरगी होती.

"माझ्या पुढेच होती की!" मास्तरचा आवाज चिरकला. "मला वाटलं पोचली असतील."

"कुठल्या वाटेनं गेली?"

"डावीकडच्या घळीच्या तोंडाशी शेवटची दिसली. मग वळली. म्हणाली, तिकडे मोहोळं आहेत, आम्ही लांबून वळसा घालतो."

शेळीवाली उठली. घळ सोडून वळसा म्हणजे उघड्या खडकावरून, पुऱ्या डोंगराला फेरी मारून, काळ्या कड्यापर्यंत कुठे बोटभर सावली नाही. मास्तरला मुलांपाशी थांबायला सांगून ती काठी सोडून निघाली. म्हातारी शेळी सवयीनं मागे आली. शेळीवाली घळीतून उतरली. घळ गार होती, शांत होती, एक माशी घोंगावत नव्हती.

काळ्या कड्याखाली तिघं होती.

बटाटा सावलीत आडवा पडला होता. तोंड राखेसारखं, डोळे अर्धे मिटलेले, ओठांना पांढरं धरलेलं. लहानखुरी त्याच्या पायाशी मुसमुसत होती. चष्मेवाली त्याच्या उशाशी बसून वहीनं वारा घालत होती. तिचे स्वतःचे ओठ फुटले होते. पाण्याचा डबा शेजारी रिकामा पडलेला, वाटेत खडकावर सांडला होता म्हणे. आणि तिच्या कोपरापासून हातभर अंतरावर फटीतून पाणी ठिबकत होतं. टप. टप.

"आजी!" चष्मेवालीला रडू फुटलं. "तो ते पाणी पीत होता. मी पिऊ दिलं नाही. त्याचे दोन्ही हात धरून ठेवले मी. तो मला चावला सुद्धा. पण मी पिऊ दिलं नाही."

तिच्या मनगटावर दातांची खूण उमटली होती. शेळीवालीनं ती बघितली आणि तिला वाटलं, ह्या क्षणी कडा आपल्यावर पडला तर बरं.

तिनं ओंजळ फटीखाली धरली. खळग्यात लेंड्या होत्या, तिनंच सकाळी टाकलेल्या. थेंब थेंब ओंजळ भरायला वेळ लागत होता. पहिली ओंजळ तिनं पोराच्या डोक्यावर ओतली. डोक्यावरचं फडकं काढून खळग्यात बुडवलं, त्याच्या छातीवर टाकलं. दुसरी ओंजळ त्याच्या ओठांशी नेली. पोरानं तोंड घट्ट मिटलं.

"पी बाळा."

त्यानं मान हलवली. नाही.

"चांगलं आहे रे! हे बघ, मी पिते." ती ओंजळ तिनं स्वतः प्यायली, शेवटच्या थेंबापर्यंत. तिसरी भरली. पोरगा तिच्याकडे बघत राहिला आणि मग तहानच जिंकली. तो प्यायला. आणखी मागितलं. लहानखुरीही जवळ सरकली. ती पण प्यायली.

चष्मेवालीचं रडणं थांबलं होतं. ती नुसती बघत होती.

"आजी, तुम्ही म्हणालात वाईट आहे."

"चांगलं आहे. पहिल्यापासून चांगलं आहे. मी खोटं बोलले."

"आणि मधमाश्या?"

"नाहीत."

"बैल?"

"कसला बैल नि कसलं काय!"

मग तिनं सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वीचे तिघे, त्यांच्या वह्या, कुरण, तार. एवढं मोकळेपणानं ती कधी म्हाताऱ्याशीही बोलली नव्हती. सांगताना तिला बरं वाटत होतं, कारण आता खोटं काही उरलं नव्हतं. तिनं चौथी ओंजळ चष्मेवालीपुढे धरली.

"घे. तुला तर सगळ्यात आधी द्यायला हवं होतं."

चष्मेवालीनं ओंजळीत पाहिलं. गिळायला तिच्या तोंडात थुंकीसुद्धा नसावी. तरी ती मागे सरली.

"आधी शेळीला द्या," ती म्हणाली.

शेळीवालीनं ओंजळ शेळीपुढे केली, पण हात हलला आणि पाणी दगडावर सांडलं. म्हातारी शेळी स्वतःच खळग्यापाशी गेली. वाकली. हुंगलं. नाक फेंदारलं आणि मान फिरवली.

"ते मी लेंड्या टाकल्यात म्हणून!" शेळीवाली घाईघाईनं म्हणाली. "मीच टाकल्या सकाळी. त्या दिवशीही मीच टाकल्या होत्या."

"म्हणजे पाणी वाईटच आहे ना," चष्मेवाली म्हणाली.

ती रागानं बोलली नाही. गणितातलं उत्तर सांगावं तशी बोलली. शेळीवाली वाकून खळग्यातल्या लेंड्या हातानं उपसू लागली.

न राहवून हाका मारत मास्तर घळीतून उतरला, मागे दुसरी पोरं. बटाट्याला उठून बसलेलं बघून तो मटकन खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांत तोंड लपवलं. मग पिशवीतली बाटली काढली. तळाशी दोन घोट होते. चष्मेवाली ते प्यायली. बाटली उलटी करून शेवटचा थेंब जिभेवर घेतला. शेळीवाली ओल्या हातांनी बाजूला उभी राहून बघत होती.

बटाट्याला पाठीवर घेऊन मास्तर डोंगर उतरला. त्यानं तिला दोष दिला नाही. वाटेत फक्त एवढंच म्हणाला, "मला विचारायचं तरी होतं, मावशी. तारवाल्याकडे मी मुलांना कुरण दाखवायची परवानगी मागत होतो. त्यानं दिली नाही. झऱ्याचं मी कुणाला सांगितलं नसतं." हे खरं की खोटं, हे तिला कळलं नाही. कळायचा हक्क आपण घालवला आहे, एवढं मात्र कळलं.

पोरगा दोन दिवसांत हिंडूफिरू लागला. मुलांचा नकाशा मोठ्या कागदावर उतरवून शाळेच्या भिंतीवर लागला. मास्तरनं चष्मेवालीला म्हणे सांगितलं होतं, की कड्याखालचं पाणी नकाशातून काढूनच टाक. ती म्हणाली, जे आहे ते काढून कसं टाकू? आणि चांगलं आहे म्हणून तरी कसं लिहू, शेळी दोन्ही वेळा प्यायली नाही. फुली होती तिथेच राहिली, शेजारी मोठ्या अक्षरांत, वाईट पाणी, पिऊ नये. सून शाळेत गवत कापायला गेली तेव्हा तिनं ते वाचलं आणि घरी येऊन सांगितलं.

"म्हणजे झरा वाचला," म्हातारा म्हणाला.

"वाचला," शेळीवाली म्हणाली. तिनं खळगा घासून घासून लख्ख केला होता. शेळ्या पोटभर पाणी पीत होत्या. दूध परत आलं होतं. हवं होतं ते सगळं झालं होतं, आणि तिला जेवण जात नव्हतं.

मोठ्या बाई तास बंद करतील असं तिला वाटलं होतं. नव्हे, ते झालं तर सुटलो, असंच तिनं मनात धरलं होतं. पण पुढच्या मंगळवारी मुलं आली. तेराच आली. बटाट्याच्या आईनं त्याला पाठवलं नाही. चष्मेवाली आली होती, मनगटाला पट्टी बांधून.

शेळीवालीनं खाली वाकून एक पिवळं पडलेलं गवत मुळासकट उपटलं. मुळाशी गोल गाठ होती. "हे बघा. वरून वाळलं तरी गाठीत जीव असतो. शेळीला ताप आला की ही गाठ ठेचून देतात. उतरतो ताप." हे तिनं कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. सुनेलाही नाही.

बारा पेन्सिली करकरल्या. चष्मेवालीची गळ्यातच लटकत राहिली.

"लिही गं," शेळीवाली म्हणाली. तिचा आवाज नको तेवढा मऊ झाला. "हे खरं आहे."

चष्मेवालीनं तिच्या हातातली गाठ घेतली, चष्म्याजवळ धरून उलटसुलट पाहिली आणि फ्रॉकच्या खिशात टाकली.

"शेळीला ताप आला की सांगा, आजी," ती म्हणाली. "मी येऊन बघेन. मग लिहीन."